आमचा टी. व्ही. बिनतारी इंटरनेटला कसा जोडला



२०२५ च्या दिवाळीत आमच्या घरी नवा स्मार्ट टी. व्ही. आला. माझे चुलते सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत. त्यांनी बोनसच्या पैशातून तो घेतला. त्याच आठवड्यात घरात फायबरचे कनेक्शनही आले. टी. व्ही. भिंतीवर लागला, पण इंटरनेटला काही जोडला जाईना. शेवटी तो मी जोडला. कसा जोडला ते या लेखात सांगते. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी असे टी. व्ही. आले आहेत, म्हणून ही माहिती सर्वांच्या उपयोगाची आहे.

आम्हांला घाई का होती, ते आधी सांगते. माझे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. आपल्या पाथर्डी तालुक्यात पुष्कळ घरांत असेच असते. मी आणि आजी मागे राहतो. रात्री अण्णा कोपीवरून व्हिडिओ कॉल करतात. पण आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मोबाईलच्या एवढ्याशा काचेवर तिला अण्णांचा चेहरा दिसत नाही. ती नुसता आवाज ऐकते आणि मला विचारते, "पोरी, कसा दिसतोय गं त्यो?" मी म्हणायची, "चांगला दिसतोय, आजी." चुलत्यांनी सांगितले होते की टी. व्ही. इंटरनेटला जोडला म्हणजे मोबाईलवरचे चित्र टी. व्ही.वर मोठे दिसते. तेव्हापासून आजी रोज विचारायची, "जोडला का गं?"

जुना टी. व्ही. आणि नवा टी. व्ही.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हापासून टी. व्ही.चा नियम एकच होता. केंद्राने सोडायचे आणि आपल्या घरातल्या संचाने घ्यायचे. संच केंद्राला उलट काही विचारू शकत नव्हता. २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद होत्या, तेव्हा मी दुसरीत होते. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागायची. तिच्यात आपल्या पाठ्यपुस्तकांतले पाठ असायचे. पण ठरलेल्या वेळेला वीज गेली, की तो पाठ गेला.

स्मार्ट टी. व्ही. इंटरनेटवरून विचारू शकतो. "मला अमुक पाठ दाखव" असा निरोप तो पाठवतो आणि पाठ त्याच्याकडे येतो. म्हणजे इथे जाणे आणि येणे दोन्ही आहे. ही ये-जा घरात तारेशिवाय होते, म्हणून तिला बिनतारी म्हणायचे. बोली भाषेत आपण वायफाय म्हणतो.

सहावीत असताना आमची सहल जुन्नर तालुक्यात खोडदला गेली होती. तिथे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणारी मोठी दुर्बीण आहे. तिच्यात ३० तबकड्या आहेत आणि प्रत्येक तबकडी ४५ मीटर रुंद आहे. गुरुजींनी सर्वांना मोबाईल बंद करायला लावले. ते म्हणाले, "तुमच्या खिशातला मोबाईल म्हणजे छोटे आकाशवाणी केंद्रच आहे. तो लहरी सोडतो आणि घेतोही." ते वाक्य माझ्या लक्षात राहिले. आपल्या घरातला राऊटरही तसेच छोटे केंद्र आहे. त्याच्या लहरी दोन प्रकारच्या असतात. एक प्रकार सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा कंप पावतो. त्याला २.४ गिगाहर्ट्‌झ म्हणतात. दुसरा ५ गिगाहर्ट्‌झचा, म्हणजे सुमारे ५०० कोटी वेळा. पहिला जरा लांब जातो आणि भिंतीतूनही बराच पार होतो. दुसरा वेगवान आहे, पण भिंत आली की लवकर दमतो.

पाण्याच्या लाईनसारखी साखळी

इंटरनेट टी. व्ही.पर्यंत कसे येते? आधी गावातल्या खांबांवरून फायबरची केबल घरात येते. तिच्यातून प्रकाशाच्या रूपाने माहिती वाहते. केबल राऊटरच्या डबीला जोडलेली असते. डबी त्या माहितीच्या लहरी करून हवेत सोडते. टी. व्ही. त्या लहरी पकडतो. म्हणजे केबल, राऊटर, हवा आणि टी. व्ही. अशा चार कड्या झाल्या.

शेतात पाणी पोचले नाही तर अण्णा काय करतात? लगेच मोटर खोलून बसत नाहीत. आधी वीज आहे का बघतात, मग विहिरीत पाणी आहे का, मग पाइप कुठे फुटलाय का, असे एकेक बघत जातात. इथेही तसेच करायचे. चारपैकी कोणती कडी तुटली ते शोधायचे. या लेखातली मुख्य गोष्ट हीच आहे.

जोडण्याची रीत

१. टी. व्ही. सुरू करून रिमोटवरचे घराचे चित्र असलेले बटण दाबा.
२. पडद्यावर दातेरी चक्राचे चित्र शोधा. ते सेटिंगचे चिन्ह आहे. त्यात नेटवर्क आणि पुढे वायफाय निवडा.
३. आसपासच्या वायफायची नावे दिसतील. त्यातले आपले नाव निवडा. आपले नाव आणि सुरुवातीचा पासवर्ड बहुधा राऊटरच्या तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतो.
४. पासवर्ड रिमोटने एकेक अक्षर निवडून भरा. इंग्रजीतले मोठे आणि लहान अक्षर वेगवेगळे धरले जाते. शून्य आणि 'ओ' यांतही घोटाळा होतो. पडद्यावर डोळ्याचे चित्र असेल तर ते दाबा, म्हणजे भरलेली अक्षरे दिसतात.
५. 'जोडले' अशा अर्थाचा शब्द आला म्हणजे काम झाले.

वाचायला सोपे आहे ना? पण आमच्याकडे चौथ्या पायरीनंतर चक्र नुसते फिरत राहायचे आणि शेवटी 'जोडता आले नाही' असे यायचे. चुलते नोकरीमुळे रविवारीच घरी येतात. म्हणून काकूंनी एका कारागिराला बोलावले. त्याने पाच मिनिटे रिमोट दाबून पाहिला आणि म्हणाला, "आतला बोर्ड गेलाय. अठराशे रुपये लागतील." आजीने लगेच चंची सोडली. त्यात अण्णांनी किराण्यासाठी ठेवलेले पैसे होते. माझ्या पोटात धस्स झाले. मी म्हणाले, "आजी, एक दिवस थांब. उद्या बोलावू त्यांना." काकू रागावल्या, "तुला काय कळतंय त्यातलं?" पण आजी म्हणाली, "राहू दे. एक दिवसानं काय व्हतंय!"

कडी कशी सापडली

त्या संध्याकाळी मी वहीत चार कड्या लिहिल्या आणि एकेक तपासायला बसले.

केबल: राऊटरवरचे दिवे पाहिले. लाल दिवा लागला असेल तर बहुधा बाहेरची केबल तुटलेली असते. आमचे दिवे हिरवे होते. केबल ठीक.

राऊटर: त्याच्याजवळ उभी राहून मोबाईल त्याच वायफायला जोडला. गुरुजींनी दिलेला दीक्षा ॲपवरचा पाठ लगेच उघडला. राऊटर ठीक, पैसेही भरलेले.

टी. व्ही.: आता टी. व्ही. खरेच बिघडला आहे का? मी मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू केला आणि मोबाईल टी. व्ही.शेजारी ठेवला. हॉटस्पॉट म्हणजे मोबाईललाच राऊटर करणे. यादीत मोबाईलचे नाव आले. पासवर्ड भरला आणि टी. व्ही. झटक्यात जोडला गेला! म्हणजे बोर्ड शाबूत होता. (हॉटस्पॉट नुसता तपासण्यापुरताच वापरावा. मोठे व्हिडिओ पाहिले तर दिवसाचा डेटा बघता बघता संपतो.)

मग राहिली हवा. मोबाईल हातात धरून मी राऊटरपासून टी. व्ही.कडे चालत गेले आणि वायफायच्या रेघा पाहिल्या. राऊटर नव्या खोलीत लोखंडी कपाटात ठेवलेला होता, पोरांनी हात लावू नये म्हणून. कपाट बंद केले की खोलीतच रेघा कमी होत. टी. व्ही. जुन्या घरात आहे. मध्ये काळ्या दगडाची दीड हात जाड भिंत आहे. तिच्या पलीकडे एकच रेघ उरे, तीही जाई-येई.

लोखंड आणि पत्रा लहरींना परत फिरवतात. जाड दगडी भिंत त्यांना शोषून घेते. पाण्याची टाकीही शोषते. आमच्याकडे लोखंड आणि दगड दोन्ही आडवे होते. पाइप फुटला होता तो इथे.

मी काकूंना विचारून राऊटर कपाटाबाहेर काढला. दोन्ही खोल्यांच्या मध्ये दार आहे. त्या दाराजवळच्या उंच कोनाड्यात तो ठेवला. केबल तिथवर पुरली. ती मात्र जपून न्यावी लागते. फायबरमध्ये काचेचा धागा असतो, कोपऱ्यावर करकचून वाकवला तर तो मोडतो. मग टी. व्ही. आणि राऊटर दोन्ही बंद केले. आधी राऊटर सुरू केला, दोन मिनिटे थांबले, मग टी. व्ही. लावला. यादीत राऊटरची दोन नावे होती. ५ चा आकडा असलेले सोडून दुसरे निवडले, कारण भिंतीला तेच बरे. टी. व्ही. जोडला गेला.

तरी एक अडचण आलीच. जोडले असे दिसत होते, पण ॲप उघडेना. पाहते तो टी. व्ही.वरची तारीख भलतीच जुनी! वीज गेल्यामुळे घड्याळ चुकले असावे. इंटरनेटवरची ठिकाणे खरी आहेत की खोटी हे टी. व्ही. त्यांच्या दाखल्यावरून ओळखतो. त्या दाखल्यांवर मुदत लिहिलेली असते. तारीख चुकीची असली तर खरा दाखलाही टी. व्ही.ला खोटा वाटतो. सेटिंगमध्ये जाऊन तारीख-वेळ आपोआप घेण्याची सोय सुरू केली आणि ॲप उघडले.

अठराशे रुपये वाचले. तो कारागीर मुद्दाम खोटे बोलला असे मी म्हणत नाही. त्याने फक्त शेवटचीच कडी पाहिली.

थोडक्यात लक्षात ठेवा

• यादीत आपले नावच नसेल: राऊटर बंद आहे किंवा फार लांब आहे. काही स्वस्त टी. व्ही.ना ५ गिगाहर्ट्‌झ पकडता येत नाही, त्यांना २.४ चेच नाव दिसते.
• नाव आहे, पण जोडत नाही: पासवर्ड पुन्हा पाहून भरा. मग भिंत आणि अंतर पाहा.
• जोडले, पण काही येत नाही: त्याच वायफायवर मोबाईल चालतो का पाहा. तोही चालत नसेल तर दोष टी. व्ही.चा नाही. मोबाईल चालत असेल तर टी. व्ही.ची तारीख तपासा.
• चित्र अडखळते: राऊटर उंच आणि मोकळ्या जागी ठेवा. टी. व्ही.ला तारेची जागा असेल तर राऊटरपासून सरळ तार ओढा.
• वळवाच्या पावसात विजा चमकू लागण्याआधीच टी. व्ही. आणि राऊटरचे प्लग काढून ठेवा. मागचे झाकण कधीही उघडू नका.
• आपला पासवर्ड भिंतीवर लिहू नका. टी. व्ही.वर कोणी पैसे किंवा मोबाईलवर आलेला आकडा मागितला तर मोठ्यांना विचारल्याशिवाय काही दाबू नका.

शेवटी

त्या रात्री आठ वाजता अण्णांचा कॉल आला. मोबाईल आणि टी. व्ही. एकाच वायफायला जोडलेले होते. मी मोबाईलमधली चित्र टी. व्ही.वर पाठवण्याची खूण दाबली. आवाज मोबाईलमधूनच येत होता, पण अण्णांचा चेहरा परातीएवढा मोठा पडद्यावर आला. मागे कोपीचे पाचट आणि चुलीचा उजेड दिसत होता. आजी उठून टी. व्ही.च्या अगदी जवळ गेली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वाळलाय गं माझा बाळ. आणि तू मला चांगला दिसतोय म्हणून सांगत व्हतीस."

मला काय बोलावे ते सुचेना. अण्णा हसले आणि म्हणाले, "आये, काम आहे, वाळणारच. तू डोळ्यांचं ऑपरेशन करून घे आधी." आजी आजवर ऑपरेशनला नाहीच म्हणत होती. त्या दिवशी प्रथमच ती "बघू" म्हणाली.

मित्रांनो, आता आमचा टी. व्ही. संध्याकाळी दोन तासच लागतो. आधी अभ्यास, मग दीक्षावरचा एखादा पाठ आणि आठ वाजता अण्णा. ज्यांचे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत आणि घरी असा टी. व्ही. आहे, त्यांनी हे जरूर करून पाहावे. अडले तर मधल्या सुट्टीत मला विचारा. मात्र येताना चार कड्यांपैकी कोणत्या तपासल्या ते वहीत लिहून आणा.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी