बसवाले काका

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांच्या फाटकांपाशी सकाळी सकाळी रडारड सुरू होते. ज्युनिअर केजीतलं पोर आईची ओढणी सोडत नाही, मागे दुचाकीवाले हॉर्न वाजवत असतात. धायरी-नऱ्हे मार्गावरच्या एका पिवळ्या बसमध्ये शाळेच्या परवानगीने बसून मी हे बघत होते.

बस चालवणारे काका जागचे हलत नाहीत. इंजिन मात्र बंद करतात. घरघर थांबली की पोर निम्मं शांत होतं, असा त्यांचा अनुभव. उचलून घ्यायचं काम बसमधल्या सहायक मावशींचं. २०११ च्या स्कूलबस नियमांनी महाराष्ट्रात मुली असलेल्या बसमध्ये महिला सहायक सक्तीची केली, ते किती बरं झालं, हे त्या पायरीपाशी उभं राहिलं की कळतं.

एक मुलगा डबा पोटाशी धरून गप्प बसायचा. काकांनी त्याला नाव विचारलं नाही, चॉकलेट दिलं नाही. गतिरोधक जवळ आला की ते मोठ्याने ‘आलाऽऽ’ म्हणायचे आणि बस अलगद त्यावरून काढायचे. पुढे ते आरशात बघून त्यालाच विचारू लागले, “आता कुठे रे?” एका सकाळी वडगावच्या अलीकडे काकांच्या आधी तोच ओरडला, “आलाऽऽ!” सगळी बस खिदळली.

“घरी जाताना ही खिडकी तुझी,” असंही त्याला सांगितलं होतं. दुपारी तिथे पाचवीतला एक दांडगा मुलगा बसला. काकांनी त्याला उठवलं, तो कुरकुरला. जागा रिकामी होईपर्यंत बस हलली नाही. उशीर झाला, पालकांचे फोन आले, पण लहानग्याने बघितलं की काका बोलले तसं वागले.

एकदा थांब्यावर त्याची आई नव्हती तेव्हा शेजारच्या बाई म्हणाल्या, “द्या माझ्याकडे, रोज बघता की मला!” काका म्हणाले, “ताई, मुलाला न्यायचं कार्ड दाखवा, नाहीतर त्याच्या आईचा फोन येऊ द्या.” बाई चिडल्या. तरी काकांनी आईशी बोलल्यावरच मुलाला खाली उतरवलं.

एवढी खटपट झाली आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर बसच्या कंत्राटदाराने काकांना दुसऱ्या मार्गावर टाकलं. नवा चालक सज्जन होता, गाडीही जपून चालवायचा. पण तो मुलगा पुन्हा पायरीशी अडून रडू लागला. मला या बदलीचा फार राग आला. मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी, हेही त्याच स्कूलबस नियमांत आहे. भाडं आणि थांबे ती ठरवते. मग निदान केजीच्या मुलांच्या बसवर जून ते एप्रिल एकच चालक आणि त्याच मावशी राहतील, हेही तिने कंत्राटात लिहून घ्यावं. पालक प्रतिनिधींनी पुढच्या बैठकीत हा विषय लावून धरावा.