बेटावरच्या बँकेने व्याज कापलं तेव्हा

एप्रिल 2020. जपानभर आणीबाणी जाहीर झालेली, माणसं घरात कोंडलेली आणि हातात निन्टेंडो स्विच. 20 मार्चला आलेल्या ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’मधल्या आपापल्या बेटावर लोक मासे पकडत होते, फळं विकत होते आणि ‘बेल’ नावाचं तिथलं चलन साठवत होते. 23 एप्रिलला गेम अपडेट झाला आणि बेटावरच्या बँकेचं पत्र आलं: बचत खात्यावरचं व्याज कमी केलं आहे. सोबत भेट काय, तर एक सतरंजी!

हसू नका. महिन्याचा दर सुमारे अर्ध्या टक्क्यावरून सुमारे 0.05 टक्क्यावर आला होता. महिन्याला जास्तीत जास्त 99,999 बेल व्याज मिळायचं, ते 9,999 वर अडलं. लंडनच्या ‘फायनान्शियल टाइम्स’ने याची रीतसर बातमी केली.

खरी गंमत पुढेच आहे. त्याच वेळी जपानच्या बड्या बँकांत साध्या बचतीवर वर्षाला 0.001 टक्का व्याज मिळत होतं. लाख येन वर्षभर ठेवा, हातात येईल एक येन! म्हणजे इतकी कपात करूनही खेळातली बँक खऱ्या बँकेपेक्षा शेकडो पटींनी उदारच राहिली.

मग कापायचं कशाला? या खेळाचं कॅलेंडर स्विचच्या घड्याळावर चालतं. घड्याळ पुढे ढकललं की बेटावर पहिली तारीख उजाडते आणि व्याज जमा. ना मासा पकडायचा, ना झाड हलवायचं. गलेलठ्ठ ठेव आणि घड्याळाचं बटण असलं की झालं. अपडेटने कुणाच्या खात्यातला एक बेलही काढून घेतला नाही, तरी व्याजावर बेतलेले सगळे मनसुबे कोसळले.

आता पैसा वाढवायचा कुठे? सलगमात! रविवारी सकाळी डुकराची एक चिमुरडी डोक्यावर सलगम घेऊन बेटावर येते आणि नगाला 90 ते 110 बेल भावाने विकते. सोमवारपासून दुकानात त्याचा खरेदीभाव दिवसातून दोनदा बदलतो. एखाद्या आठवड्यात तो शनिवारपर्यंत नुसता घसरत जातो, तर एखाद्या आठवड्यात सहाशेच्या वर उसळी मारतो. लासलगावचा कांदा चाळीत काही महिने तरी तग धरतो. हे सलगम पुढच्या रविवारी कुजलेच.

इथे घड्याळाची युक्ती चालेल? करून बघा. काटे मागे फिरवलेत की सगळा माल तत्क्षणी सडतो. पुढे ढकलून रविवार ओलांडलात तरी तेच. बँकेला फसवणारी चलाखी मंडईत फारशी चालत नाही! हा नियम ज्याने बसवला त्याला माझा दंडवत. आपल्या बेटावर भाव पडला की मग राहतो एकच मार्ग, दुसऱ्याच्या बेटावर जाऊन विकण्याचा. भाव चढला की अनोळखी लोकांच्या बेटांवर रांगा लागू लागल्या.

पण उद्याचा अपडेट आजच ठाऊक असेल तर? असे खेळाडूही आहेत. ‘फेट/ग्रँड ऑर्डर’ हा मोबाइल गेम जपानमध्ये जुलै 2015 मध्ये आला आणि अमेरिकेत इंग्रजीत जून 2017 मध्ये. तेव्हापासून इंग्रजी आवृत्ती साधारण दोन वर्षं मागून चालते. नवं पात्र मिळवण्यासाठी नशीब आजमावायचं तर ‘सेंट क्वार्ट्झ’ नावाचे खडे खर्चावे लागतात. टोकियोतला खेळाडू ते अंदाजपंचे उधळतो. शिकागोतल्याला मात्र पुढच्या उन्हाळ्यात कोण येणार हे पक्कं माहीत असतं. तो आजची चार पात्रं डोळ्यांआड करतो आणि महिनोन् महिने खडे राखतो. एकच खेळ, तेच खडे, पण एक जुगारी आणि दुसरा हिशेबनीस!

अर्थात हिशेबनीसही पुरता निर्धास्त नसतो. काही सुधारणा इंग्रजीत ठरल्या वेळेआधीच येऊन थडकतात आणि त्याला सगळी आकडेमोड पहिल्यापासून करावी लागते.