पिवळी जर्सी आणि तिचे दूरचे सोयरे

विश्वचषक फुटबॉलची स्पर्धा आली की आपल्या मंडळींच्या घरांतून एक नवलाचे दृश्य दिसते. ज्या मुलांनी ब्राझील देश केवळ नकाशावर पाहिला, ती पिवळी जर्सी घालून हिंडू लागतात. वडीलधारी माणसे विचारतात, "अरे, त्यांचे नि आपले नाते काय?" हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा आहे असे आम्हांस वाटत नाही.

आपल्या इस्राएलचा संघ १९७० साली मेक्सिकोतील विश्वचषकात खेळला. ११ जून रोजी तोलुका येथे त्याने बलाढ्य इटलीला एकही गोल करू दिला नाही व सामना बरोबरीत सोडविला. बरोबर दहा दिवसांनी त्याच इटलीला ब्राझीलने अंतिम सामन्यात ४-१ असे नमविले. त्यानंतर २०२२ पर्यंतच्या एकाही विश्वचषकात आपला संघ पोहोचला नाही. ब्राझील मात्र १९३० पासून २०२२ पर्यंतच्या बावीसही स्पर्धांत होता आणि १९५८, १९६२, १९७०, १९९४ व २००२ अशी पाच वेळा विजयी झाला. आपले माणूस मैदानात नसले की मन दुसऱ्या कोणाकडे ओढ घेते, हे स्वाभाविकच होय.

ही ओढ केवळ आपल्यालाच आहे असे नव्हे. २४ सप्टेंबर १९७७ रोजी पेले आपल्या न्यूयॉर्कच्या संघासह कलकत्त्यात मोहन बागानविरुद्ध खेळावयास आले, तेव्हा ईडन गार्डन्स माणसांनी ओसंडून गेले होते. केरळात तर विश्वचषकाच्या दिवसांत गावेच्या गावे ब्राझील आणि अर्जेंटिना अशा दोन तटांत विभागली जातात. हैतीची गोष्ट त्याहूनही हृद्य आहे. अंतर्गत रक्तपाताने जर्जर झालेल्या त्या देशात १८ ऑगस्ट २००४ रोजी ब्राझीलचा संघ शांततेसाठी सामना खेळला. चिलखती गाड्यांवरून आलेल्या त्या खेळाडूंना पाहण्यास रस्त्यांच्या दुतर्फा लोक लोटले. ब्राझीलने यजमानांवर सहा गोल केले, आणि तरीही लोकांनी जल्लोषच केला!

आता या पिवळ्या जर्सीचीच कथा ऐका. १९५० पर्यंत ब्राझीलचा संघ पांढऱ्या पोशाखात खेळे. त्या वर्षी १६ जुलै रोजी रिओच्या माराकाना मैदानावर, पावणेदोन लाखांच्या घरात तिकिटे खपलेली असताना, उरुग्वेने त्याला २-१ असे हरविले. पांढरा रंग अपशकुनी ठरला. १९५३ साली एका वृत्तपत्राने नव्या पोशाखासाठी स्पर्धा लावली. राष्ट्रध्वजातील चारही रंग त्यात हवेत अशी अट होती. ती जिंकली उरुग्वेच्या सीमेवरील जाग्वारांव गावच्या आल्दिर श्ले नावाच्या एकोणीस वर्षांच्या तरुणाने. गंमत अशी की, ज्याने ब्राझीलला ही जर्सी दिली, तो स्वतः फुटबॉलमध्ये उरुग्वेचा चाहता! सीमेवर वाढलेल्या माणसाचे मन एकाच बाजूला राहत नाही, हे कोकण सोडून येथे आलेल्यांना कोणी वेगळे सांगावयास नको.

परंतु त्याच पराभवाची दुसरी बाजू फार कटू आहे. उरुग्वेचा दुसरा गोल गोलरक्षक बार्बोसा यांच्या जवळच्या खांबाकडून आत गेला, आणि राष्ट्राने सारे खापर त्यांच्या माथी फोडले. आपल्या देशात गुन्ह्याला अधिकात अधिक शिक्षा तीस वर्षांची, आपण मात्र पन्नास वर्षे भोगीत आहोत, असे ते म्हणत. २००० साली ते वारले, तरी तो डाग पुसला गेला नाही.

याच्या उलट एक चित्र २०१४ सालचे आहे. ८ जुलै रोजी बेलो होरिझोंते येथे जर्मनीने ब्राझीलला ७-१ असे चिरडले. क्लोव्हिस फर्नांडिस नावाचा मिशाळ चाहता १९९० पासून प्रत्येक विश्वचषकाला चषकाची प्रतिकृती घेऊन जात असे. त्या दिवशी ती छातीशी धरून तो रडला आणि मग उठून त्याने ती एका जर्मन प्रेक्षक मुलीच्या हाती दिली. पुढील वर्षी तो निवर्तला.

संघ जिंकत असता त्याचा जयजयकार कोणीही करील. तो हरला म्हणजे आपण कोणाला दोष देतो व कोणाचा मान राखतो, यावर चाहत्याची पारख होते. म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच की, मुलांना पिवळी जर्सी खुशाल घेऊन द्या. मात्र ती अंगात घालताना त्यांना बार्बोसांची गोष्टही सांगा.