विद्यापीठांतर : पहिल्या वर्षाची शिदोरी

बिऱ्हाड हलवणाऱ्या माणसाला भांड्याकुंड्यांची काळजी असते. पण जुन्या घरातले पातेले नव्या घरातही पातेलेच राहते. विद्यापीठ बदलणाऱ्या विद्यार्थ्याचे मात्र तसे नसते. वर्षभर खपून त्याने जे मिळवले, ते दुसऱ्या गावी तेवढ्याच मोलाचे ठरेल याची खात्री कोणी देत नाही. वडिलांची बदली होते, आई आजारी पडते, वसतिगृहाचा खर्च झेपेनासा होतो, मुलीचे लग्न होऊन ती दूरच्या जिल्ह्यात जाते. अशा वेळी घरात एकच प्रश्न विचारला जातो : "मग हे वर्ष फुकट गेले का?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही येथे उलगडून पाहणार आहोत.

प्रथम ही अडचण उत्पन्न कशी झाली ते पाहू. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, ते मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था म्हणून. पुण्याचा विद्यार्थी अहमदाबादेस गेला तरी त्याचे विद्यापीठ तेच राही. पुस्तके तीच आणि प्रश्नपत्रिकाही तीच. पुढे 1949 च्या सुमारास पुणे, गुजरात, बडोदे व कर्नाटक अशी विद्यापीठे निघाली. त्यानंतर 1958 मध्ये मराठवाडा आणि 1962 मध्ये कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आले. ज्ञान गावोगाव पोचावे म्हणून हे झाले आणि ते योग्यच झाले. परंतु प्रत्येक नव्या विद्यापीठाबरोबर एक नवी शीवही आखली गेली. आज तर स्वायत्त महाविद्यालये आपापला अभ्यासक्रम ठरवतात. तेव्हा ही शीव विद्यापीठाच्या हद्दीवरून महाविद्यालयाच्या कुंपणापर्यंत आली आहे, असे म्हटले तरी चालेल.

शीव ओलांडताना सामान्यतः तीन कागद लागतात. पहिला महाविद्यालय सोडल्याचा दाखला; तो जुने महाविद्यालय देते. दुसरे स्थलांतर प्रमाणपत्र. ते जुने विद्यापीठ देते. तिसरे पात्रता प्रमाणपत्र. ते नव्या विद्यापीठाकडून मिळवावे लागते. यांखेरीज गुणपत्रिका हव्यातच. लोकांची समजूत अशी की, पहिले दोन कागद हाती आले की काम झाले. वस्तुतः ते दोन कागद एवढेच सांगतात की विद्यार्थी तेथून निघाला. तो येथे कोणत्या पायरीवर उभा राहील, हे तिसरा कागद सांगतो. आणि सारे अडते ते तेथेच.

एक कल्पित उदाहरण घेऊ. नाशिकच्या एका महाविद्यालयात एका मुलीने विज्ञानाचे पहिले वर्ष पुरे केले. विषय भौतिकशास्त्र, गणित आणि संख्याशास्त्र. वडिलांची बदली नागपुरास झाली. तिला उत्तम गुण आहेत, सर्व कागद तयार आहेत. परंतु घराजवळच्या महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतच नाहीत. तेथे त्या जागी रसायनशास्त्र आहे. दुसऱ्या वर्षाचे रसायनशास्त्र पहिल्या वर्षाच्या पायावर उभे असते. तो पाया तिच्याकडे नाही आणि जो पाया आहे त्यावर बांधायला तेथे कोणी नाही. कोणी कारकून अडवणूक करतो म्हणून हे घडत नाही. दोन अभ्यासक्रमांतले अंतर खरेच असते. ते मोजण्याकरिता दोन्हीकडचे अभ्यासक्रम घटकवार ताडून पाहावे लागतात. त्यातून तीन गोष्टी संभवतात : सर्व विषय ग्राह्य धरले जातील, काही तुटीचे विषय जादा द्यावे लागतील, किंवा पहिले वर्ष पुन्हा करावे लागेल. तिला संख्याशास्त्र शिकवणारे दुसरे महाविद्यालय शहरात सापडले, तर तिचे वर्ष वाचू शकेल. मात्र हा शोध प्रवेश घेण्यापूर्वी व्हायला हवा.

अलीकडे या बाबतीत एक मोठा बदल झाला आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या योजनेचे नियम केले. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक त्याच्या नावे खात्यात जमा राहतात. साधारणपणे 15 तासांच्या अध्यापनाचा एक श्रेयांक होतो. पहिल्या वर्षाचे किमान 40 आणि तीन वर्षांच्या पदवीचे किमान 120 धरले जातात. त्या नियमांत एक अट अशी की, जी संस्था पदवी देणार तिच्याकडे निदान निम्मे श्रेयांक मिळवलेले असावेत. आता हिशेब करा. पहिल्या वर्षानंतर निघणाऱ्याचे 80 श्रेयांक नव्या ठिकाणी व्हायचे असतात, म्हणून तो अटीत सहज बसतो. दुसऱ्या वर्षानंतर निघणाऱ्याचे फक्त 40 उरतात, म्हणून तीन वर्षांच्या पदवीसाठी तो बसत नाही. स्थलांतर टळणारच नसेल, तर ते पहिल्या वर्षाच्या अखेरीस करावे, याचे कारण या हिशेबात आहे.

तथापि या खात्यावर भाबडेपणाने विसंबू नये. खात्यात रक्कम असली तरी दुकानात हवा तो माल असावा लागतो. श्रेयांक जमा आहेत याचा अर्थ ते नव्या अभ्यासक्रमात बसतीलच असा नाही. शिवाय दुसऱ्या वर्षाच्या वर्गात रिकामी जागाही असावी लागते. आणि पहिल्या वर्षाचा एखादा विषय राहिला असेल तर वाट बहुधा अधिकच बिकट होते; कारण जुन्या विद्यापीठाची परीक्षा नवे विद्यापीठ कशी घेणार?

यावरून कामाचा क्रम ठरतो, आणि तो रूढ क्रमाच्या नेमका उलटा आहे. लोक आधी दाखला काढतात आणि मग प्रवेश शोधतात. आम्ही म्हणू, आधी नव्या ठिकाणी जावे. बरोबर गुणपत्रिका आणि पहिल्या वर्षाचा छापील अभ्यासक्रम न्यावा. नुसत्या विषयाच्या नावावर जाऊ नये, कारण एकाच नावाखाली दोन ठिकाणी निराळे घटक असतात. कोणते विषय ग्राह्य, कोणते तुटीचे, याचे उत्तर लेखी मागावे. ते हाती आल्यावरच स्थलांतर प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. हे प्रमाणपत्र घेणे म्हणजे जुन्या विद्यापीठाशी असलेले नाते तोडणे होय. मागची होडी सोडण्यापूर्वी पुढच्या होडीत पाय पक्का हवा. तात्पुरता प्रवेश मिळाला की निश्चिंत होणारेही पुष्कळ असतात. पण पात्रता ठरायची राहिली, तर वर्षभर वर्गात बसूनही निकाल अडकून पडण्याचा धोका असतो.

ज्यांना वारंवार गाव बदलावे लागते, त्यांनी मुक्त विद्यापीठाचाही विचार करावा. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ 1985 मध्ये आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये स्थापन झाले. तेथे बिऱ्हाड हलले तरी विद्यापीठ बदलावे लागत नाही.

वर्ष फुकट गेले का, या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. शिकलेले फुकट जात नाही. फुकट जातो तो काळ, आणि तोही बहुधा आधी न विचारल्यामुळे. हा काळ सर्वांना सारखाच महाग नसतो. सुखवस्तू घरातला मुलगा एक वर्ष मागे पडला तर मागे पडतो, एवढेच. पण सासरी गेलेल्या मुलीचे किंवा कर्ज काढून शिकणाऱ्या मुलाचे वर्ष गेले, म्हणजे पुष्कळदा शिक्षणच जाते. म्हणून विद्यापीठांनी आपापसातले समकक्ष विषय आगाऊ ठरवून ते उघड मांडावेत, ही मागणी अवास्तव नव्हे. तसे होईपर्यंत पालकांनी एवढे करावे : सामान बांधण्याआधी नव्या दारी जाऊन अभ्यासक्रमाची चौकशी करावी.