राष्ट्राध्यक्ष, राष्ट्रपती आणि निर्वाचकगण : अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या परिभाषेचा परिचय

प्रस्तावना :

अमेरिकेच्या सर्वोच्च पदाधिकाऱ्यास 'राष्ट्राध्यक्ष' व भारताच्या सर्वोच्च पदाधिकाऱ्यास 'राष्ट्रपती' असे संबोधण्याची प्रथा मराठीत रूढ आहे. हिंदीत मात्र दोहोंसाठी 'राष्ट्रपति' हा एकच शब्द योजला जातो. नागपूर व लगतच्या बेसासारख्या वाढत्या वस्तीत दोन्ही भाषांतील वृत्तपत्रे वाचली जात असल्याने विद्यार्थ्यांच्या मनात या दोन पदांची सरमिसळ होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः मराठीने जपलेला हा भेद अर्थपूर्ण आहे. दि. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या दोन पदांत नामसाम्यापलीकडे काहीही समान नसल्याचे प्रतिपादन केले होते. भारताचा राष्ट्रपती राज्याचा प्रमुख असतो, कार्यकारी सत्तेचा नव्हे.

निवडीच्या पद्धतीत मात्र एक साम्य आहे. दोन्ही देशांत मतदार या पदासाठी प्रत्यक्ष निवड करीत नाहीत.

'कॉलेज' म्हणजे काय? :

'इलेक्टोरल कॉलेज' या संज्ञेतील 'कॉलेज'चा महाविद्यालयाशी संबंध नाही. समान कार्यासाठी एकत्र आलेल्या व्यक्तींचा समूह, हा त्याचा मूळ लॅटिन अर्थ होय. म्हणूनच 'निर्वाचकगण' हा प्रतिशब्द समर्पक ठरतो. गंमत अशी की, ज्या देशामुळे ही संज्ञा जगभर पोहोचली त्या अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेत ती आढळतच नाही. तेथे केवळ 'इलेक्टर्स' म्हणजे निर्वाचक यांचा उल्लेख आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५४ मध्ये मात्र ती स्पष्टपणे आली आहे.

अमेरिकेत प्रत्येक राज्यास त्याच्या प्रतिनिधीगृहातील व सिनेटमधील सदस्यसंख्येइतके निर्वाचक मिळतात. ४३५ प्रतिनिधी, १०० सिनेटर आणि १९६१ च्या २३ व्या घटनादुरुस्तीने राजधानी वॉशिंग्टनला मिळालेले ३, असे एकूण ५३८ निर्वाचक होतात. विजयासाठी २७० मते आवश्यक असतात. प्रारंभी प्रत्येक निर्वाचक दोन मते देई आणि दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार उपाध्यक्ष होई. १८०० मध्ये जेफरसन व बर या एकाच पक्षाच्या दोघांना प्रत्येकी ७३ मते पडली आणि प्रतिनिधीगृहाला ३६ फेऱ्यांनंतर निर्णय करता आला. त्यातून १८०४ ची १२ वी घटनादुरुस्ती झाली व दोन पदांसाठी स्वतंत्र मते देणे सुरू झाले.

मेन व नेब्रास्का वगळता इतर राज्यांत सर्वाधिक मते मिळविणाऱ्यास त्या राज्याचे सर्व निर्वाचक मिळतात. परिणामी २००० मध्ये फ्लोरिडातील अवघ्या ५३७ मतांच्या आघाडीने जॉर्ज बुश विजयी झाले, जरी देशभरातील एकूण मते अल गोर यांना अधिक होती. २०१६ मध्येही असेच घडले. ज्या राज्यांचा कल अनिश्चित असतो त्यांना 'स्विंग स्टेट' म्हणतात. मराठी वृत्तपत्रे त्यासाठी 'दोलायमान राज्ये' असा शब्द वापरतात. तो वाईट नाही.

प्राथमिक निवडणूक :

'प्रायमरी' ही संज्ञा आपल्याकडे अधिक अपरिचित आहे, कारण भारतात उमेदवारी पक्षश्रेष्ठी ठरवितात. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण, हे प्रायः मतदारच ठरवितात. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत पराभूत झाले. २०२२ मध्ये ते प्राथमिक फेरी व मुख्य निवडणूक दोन्ही जिंकून प्रतिनिधीगृहात पोहोचले. येथे एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. अमेरिकी घटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदानुसार काँग्रेसचा सदस्य निर्वाचक होऊ शकत नाही. उलट बेसा ज्या रामटेक लोकसभा मतदारसंघात येते, तेथील खासदार पदसिद्ध निर्वाचक असतो.

मताचे मूल्य :

संविधान सभेत प्रा. के. टी. शहा यांनी राष्ट्रपतीची निवड प्रौढ मतदारांकडून थेट व्हावी असा आग्रह धरला होता. तो अमान्य झाला. त्याऐवजी संसद व विधानसभांचे निर्वाचित सदस्य मतदार ठरले. राज्याच्या लोकसंख्येस निर्वाचित आमदारसंख्येने भागून येणाऱ्या संख्येस पुन्हा १,००० ने भागले की एका आमदाराच्या मताचे मूल्य मिळते. महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ आणि आमदार २८८. म्हणून मूल्य १७५. २०२२ च्या निवडणुकीत बेसा ज्या कामठी विधानसभा मतदारसंघात आहे तेथील आमदाराच्या मताचे मूल्यही १७५ च होते. मतदारसंघ लहान असो वा मोठा, राज्यातील सर्व आमदारांचे मूल्य एकच राहते. उत्तर प्रदेशात ते २०८, तर सिक्कीममध्ये ७ होते.

ही लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेची आहे. लोकसंख्या नियंत्रणात यशस्वी ठरलेल्या राज्यांचे वजन घटू नये, या हेतूने १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आकडे गोठविण्यात आले. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेची आकडेवारी प्रसिद्ध होईपर्यंत वाढविली. अमेरिकेत याउलट दर दहा वर्षांनी फेरवाटप होते. २०२० च्या जनगणनेनंतर टेक्सासचे निर्वाचक ३८ वरून ४० झाले व कॅलिफोर्नियाचे ५५ वरून ५४ वर आले. गोठविण्यामागील हेतू न्याय्य असला तरी त्याची किंमत दुर्लक्षून चालणार नाही. शेतजमिनीवर सदनिकांच्या रांगा उभ्या राहिलेल्या बेसा परिसरात १९७१ च्या जनगणनेनंतर जन्मलेला एकही मतदार २०२२ च्या या १७५ च्या हिशेबात नव्हता.