माळवदी घर

मराठवाड्यातील मातीच्या सपाट छताचे परंपरागत शेतकरी घर. शहागडसारख्या (ता. अंबड, जि. जालना) गोदावरीकाठच्या भागात उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. अशा हवामानातून व कृषिजीवनातून या घराची रचना सिद्ध झाली. ओसरी, चौक, धान्याचे बळद व गुरांचा गोठा ही त्याची प्रमुख अंगे होत. नव्या कुटुंबासाठी या धर्तीवर घर बांधताना त्याचे गुण घेऊन दोष टाळणे अगत्याचे ठरते.

दोन खांबांमधील गाळ्यास खण म्हणतात व घराचा विस्तार खणांत मोजतात. खांबांवर तुळया, त्यांवर सर, किलचण व पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर असतो. जाड भिंती व छत उष्णता सावकाश शोषून घेत असल्याने घर दुपारी थंड राहते. मात्र गळती थांबविण्यासाठी वेळोवेळी नवी माती टाकल्याने छताचा भार वाढत जातो.

या भाराचा धोका ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात स्पष्ट झाला. लातूर व उस्मानाबाद (सध्याचा धाराशिव) जिल्ह्यांत सात हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. चिखलात रचलेल्या दगडी भिंतींच्या आतील व बाहेरील थरांना सांधणारे आरपार दगड नसल्याने त्या ढासळल्या. त्यानंतर पत्रा व काँक्रीट यांकडे कल वाढला. परंतु उष्णतारोधक थर नसलेली अशी छते उन्हात फार तापतात.

थंडाव्यासाठी छत अतिशय जड असण्याची आवश्यकता नसते. हलके, भिंतींशी नीट जखडलेले व उष्णतारोधक थर दिलेले छत, सावलीची ओसरी आणि रात्रीची हवा खेळविणारा चौक यांनी तोच हेतू साधतो. भारतीय मानक १३८२८ (१९९३) नुसार दगडी भिंतीची जाडी ४५ सेंमी.पेक्षा अधिक नसावी. उंचीत दर ६० सेंमी.वर व लांबीत कमाल १·२ मी. अंतराने आरपार दगड घालावेत. दारे-खिडक्यांच्या माथ्याशी सर्व भिंतींवरून सलग बंधपट्टा द्यावा. काळी माती भिजल्यावर फुगते व वाळल्यावर आकसते. म्हणून अशा जमिनीत पाया शक्यतो खालच्या मुरमापर्यंत नेतात. गोठा मात्र आरोग्याच्या दृष्टीने राहत्या खणांपासून वेगळा ठेवणे इष्ट होय.