वर्गातली हवा कोण मोजणार?

मुलाचे नाव शाळेत घालताना आपण काय काय चौकशी करतो! फी किती, माध्यम कोणते, बस दारापर्यंत येते का, पिण्याच्या पाण्याला फिल्टर आहे का. एक प्रश्न मात्र सहसा कुणाच्या तोंडी येत नाही. आपले मूल रोज जिथे चार-पाच तास बसणार, त्या खोलीत हवा कुठून येते आणि कुठून जाते?

लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेते, आणि त्याची फुप्फुसे अजून वाढत असतात. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाखांत सुमारे ४२० भाग असते. चाळीस-पन्नास मुलांच्या बंद वर्गात ते बघता बघता दीड हजारावर जाते. या पातळीला हा वायू विषारी नव्हे. पण ताजी हवा येत नाही याची ती खूण. मग एकाची सर्दी साऱ्या वर्गाला लागते.

या बाबतीत जपानची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९३० साली होक्काइडो बेटावरच्या ओतारू शहरात सर्दी झालेल्या एका शाळकरी मुलाला ॲस्पिरिनऐवजी चुकून पाऱ्याचे विषारी संयुग दिले गेले आणि ते मूल दगावले. त्यातून शाळेला औषधतज्ज्ञ जोडण्याची प्रथा पडली. १९५८च्या शालेय आरोग्य कायद्याने विद्यापीठे वगळता सर्व शाळांना, किंडरगार्टनलाही, तो नेमणे बंधनकारक झाले. पुढे त्याचे काम औषधांच्या कपाटापुरते उरले नाही. वर्गातली हवा, उजेड, पिण्याचे पाणी, सारे त्याच्या नजरेखाली आले.

२००९पासून तिथे या तपासणीच्या निकषांना कायद्याचा आधार आहे. वर्गातला कार्बन डायऑक्साइड १५०० भागांच्या आत असावा. तो वर्षातून दोनदा मोजायचा. प्लायवूड आणि पार्टिकल बोर्डच्या गोंदातून सुटणारा फॉर्मल्डिहाइड एका घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅमहून अधिक नको. नवी बाके किंवा संगणक आणले, तर हवेची तपासणी पुन्हा करायची. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दोष आढळला तर तो मुख्याध्यापकांनी दूर करायचा. त्यांच्या हातात नसेल तर शाळा चालवणाऱ्या संस्थेला किंवा सरकारला कळवायचे. जबाबदारी कुणाची, हे कायद्यातच लिहिलेले आहे.

आपल्याकडे १९८१चा हवा प्रदूषण कायदा आहे, २००९ची मानके आहेत. पण ती बाहेरच्या हवेची. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २००८पासून बंदी आहे, तेवढाच काय तो चार भिंतींआडच्या हवेचा विचार. वर्गातली हवा ठरावीक काळाने मोजलीच पाहिजे, असे बंधन शाळांवर नाही.

माझ्या नातीच्या बालवाडीत गेल्या जूनमध्ये नवे फर्निचर आले. खिडक्या बंद, एसी चालू, आणि दारातच डोळे चुरचुरावेत असा उग्र वास. मी विचारले तेव्हा संचालकबाई हसून म्हणाल्या, ‘‘आजोबा, काळजी नको, एसी आहे ना!’’ भिंतीवरचा एसी बहुधा खोलीतलीच हवा फिरवून गार करतो, बाहेरची आत घेत नाही, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. खिडकी काही उघडली नाही. तक्रार न्यायची कुठे? मला तरी असे कार्यालय सापडले नाही.

खिडकी उघडणे हाही सगळीकडे उपाय नाही. शाळेला लागून हमरस्ता असेल तर धूर आणि धूळ आत येणार. कुठे काय करायचे हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजायचे कुणी हे ठरल्याशिवाय कुणीच मोजत नाही. कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. आपल्या गॅदरिंगच्या मंडपाचा खर्चही त्याहून जास्त असतो.

कायदा यायचा तेव्हा येईल. तोवर पालकसभेत मार्कांचा विषय संपला की कुणीतरी उठून एवढे तरी विचारावे : या वर्गात बाहेरची हवा किती येते, ती कुणी मोजली, आणि कमी पडली तर उत्तर कोण देणार? पहिल्यांदा लोक हसतील. पिण्याच्या पाण्याबद्दल पहिल्यांदा विचारणाऱ्यालाही हसलेच असतील.